उभी बाटली, आडवी बाटली आणि बाईचे मत

गावातले दारूचे दुकान बंद करावे अशी मागणी महाराष्ट्रातील एखाद्या गावच्या स्त्रियांनी सह्यांनिशी दाखल केली, त्या सह्यांची सरकारी अंमलदारांनी रीतसर पडताळणी केली आणि मतदानाचा दिवस मुक्रर झाला, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या हाती जी मतपत्रिका पडते तीवर ना कोणा उमेदवाराचे नाव असते ना कोणा पक्षाचे निशाण. तीवर असतात फक्त दोन चित्रे, एक उभ्या बाटलीचे आणि दुसरे आडव्या बाटलीचे. उभी म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे ते बंद व्हावे. 2008 च्या शासकीय आदेशाप्रमाणे एकूण मतदारांपैकी, अथवा केवळ महिला मतदारांपैकी, किमान 25 टक्के जणांनी मागणी केल्यास असे गुप्त मतदान घेता येते. स्त्रीने स्त्री म्हणूनच मत द्यावे अशी तजवीज सरकारी कागदानेच केली आहे, अशा जागा आपल्या कारभारात फार थोड्या आहेत, आणि ही त्यांतली एक होय.

या तजविजीस सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण दारूपायी कोणाच्या घरची चूल विझते आणि रात्री कोणाच्या पाठीवर वळ उठतात हे साऱ्या गावाला ठाऊक असते. परंतु हीच बाई आमदार किंवा खासदार निवडावयास निघाली की तिला उपदेश ऐकू येतो की मतदान हे नागरिकाचे कर्तव्य आहे, तेथे बाईपण मध्ये आणू नये. हा उपदेश वरकरणी उदात्त आहे. पण उसाच्या दराकडे पाहून मत देणाऱ्या बागायतदारास किंवा बोनसाकडे पाहून मत देणाऱ्या गिरणी कामगारास असे कोणी बजावल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांचा स्वार्थ तो व्यवहार, आणि हिचा मात्र पक्षपात, असा हा न्याय आहे.

वस्तुतः स्त्रीच्या मतात तिचे बाईपण प्रथम आणले ते कायदा करणाऱ्यांनीच. 1917 च्या डिसेंबरात सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासेत भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांस भेटले आणि पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळावा अशी मागणी त्याने केली. 1919 च्या कायद्याने तो प्रश्न प्रांतिक कौन्सिलांच्या गळ्यात घातला, आणि मुंबई इलाख्यात 1921 साली स्त्रियांचा अधिकार मान्य झाला खरा, पण मिळकतीच्या अटीमुळे तो मूठभर बायकांपुरताच राहिला. 1935 च्या कायद्याने ही संख्या बरीच वाढवली, ती कशी, तर मिळकतदार मतदाराची पत्नी या नात्यानेही मत देण्याची मुभा देऊन. म्हणजे मत तिचे, पण त्याचा दाखला नवऱ्याच्या मिळकतीत!

स्वतंत्र भारताच्या घटनेने ही सारी शिडी काढून टाकली आणि प्रत्येक प्रौढास मत दिले. तेव्हा एक वेगळीच अडचण पुढे आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असताना, विशेषतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्यभारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांत, असंख्य स्त्रियांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी होऊन आली, कारण परक्या पुरुषासमोर स्वतःचे नाव उच्चारणे रीतीस सोडून होते. (आमच्याकडे उखाणा घातल्याखेरीज नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही अशी चाल, तिकडे बाईला स्वतःचेच नाव निषिद्ध, आणि तिच्यासाठी उखाणाही नाही.) पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी निनावी नोंद चालणार नाही असे ठरवले, आणि मुदत देऊनही ज्यांचे नाव कळले नाही अशा सुमारे 28 लाख स्त्रिया, एकंदर महिला मतदार आठ कोटींच्या घरात असताना, यादीतून वगळल्या गेल्या. तो निर्णय कठोर होता, आणि त्या 28 लाखांचे पहिले मत त्याने हिरावले, हेही खरे. तरीसुद्धा मला वाटते की सरकारी दप्तराने बाईला ‘तुझे स्वतःचे नाव काय?’ असे इतक्या निक्षून पूर्वी कधी विचारले नसावे. यादीत नाव लागल्यावरही केंद्रावर पोचायला बाईला वेळच लागला: 1962 साली देशात शंभरांतले सुमारे 63 पुरुष मतदानास आले, तर स्त्रिया सुमारे 47. 2019 साली मात्र लोकसभेच्या निवडणुकीत स्त्रियांची टक्केवारी पुरुषांहून किंचित पुढे गेली.

आता, बाईने बाईपण विसरू नये म्हणजे बाईलाच मत द्यावे काय? या प्रश्नाचा निकाल आमच्या मुंबईने 1977 साली लावून ठेवला आहे. महागाईविरुद्ध लाटणे हाती घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघी त्या वर्षी मुंबईतून लोकसभेवर गेल्या, आणि गोरेगावच्या नळांसाठी झगडलेल्या ‘पाणीवाल्या बाई’ मृणाल गोरे दिल्लीत पोचत असताना दिल्लीच्या बाई, म्हणजे इंदिरा गांधी, पाण्यात गेल्याची घोषणा लोकांच्या तोंडी झाली. दोन्हीकडे बाईच, मग केवळ स्त्रीत्वाचा कौल मानणाऱ्या मतदारणीने काय करावे? तिने नळाकडे पाहिले, रेशनच्या दुकानाकडे पाहिले, तर त्यात तिचे बाईपण पुरेपूर होते, कारण पाण्याच्या रांगेत तिष्ठत उभी राहणारी तीच. उमेदवार स्त्री की पुरुष ही गोष्ट त्यापुढे दुय्यम ठरते. ग्रामपंचायतींत राखीव जागा आल्यावर खुर्चीवर बायको आणि कारभार नवऱ्याचा, असा ‘सरपंचपती’ नावाचा जो हुद्दा कोणत्याही कायद्यात नसताना रूढ झाला, तोही हेच सांगतो. अर्थात त्याच राखीव जागांनी पुष्कळ बायकांना खरोखरीचे सरपंचपण शिकवले, हे नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

अलीकडे बाईच्या मताकडे पाहण्याची राजकारण्यांची दृष्टीच पालटली आहे. 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून दरमहा 1500 रुपये पात्र स्त्रियांच्या खात्यांत जमा होऊ लागले, तेव्हा सुशिक्षित मंडळींनी ‘मते विकत घेतली’ म्हणून नाके मुरडली. शेतकऱ्याची कर्जमाफी निवडणुकीच्या तोंडावर आली असता हीच मंडळी इतक्या मोठ्याने बोलत नाहीत. स्वतःच्या नावाच्या खात्यात प्रथमच पैसा पाहणाऱ्या बाईने त्याचे मोल मानले तर त्यात गैर काय? माझी हरकत आहे ती नात्याला: ओवाळणी किती घालायची हे भाऊ ठरवतो आणि बहिणीने हिशेब मागायचा नसतो, अशी आपली रीत, आणि मतदाराचे काम तर नेमके हिशेब मागण्याचे.

बाटलीच्या मतदानात हिशेबाची एक अट आहे, आणि पुष्कळ गावे तीवरच अडखळली. मतदान फक्त स्त्रियांचे असेल, तर नुसत्या आलेल्या स्त्रियांची बहुसंख्या पुरत नाही. यादीत जितक्या महिला असतील त्यांतल्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. म्हणून त्या दिवशी गावातल्या कार्यकर्त्या बायका सकाळपासून दारोदार फिरतात, माहेरी गेलेल्या सुनांना निरोप धाडतात, म्हाताऱ्यांना हात धरून केंद्रावर आणतात. कारण जी घरी राहिली तिची गणती, तिच्या मनात काहीही असो, उभ्या बाटलीकडेच होते.