फोटो भिंतीवर पाहावा

छायाचित्रण शिकणाऱ्या मुलाने प्रदर्शनाला कशाला जावे? फोटो तर मोबाइलवर घरबसल्या दिसतात, असे कुणी म्हणेल. दिसतात खरे, पण बोट सरकले की गेले!

एडवर्ड स्टायकन यांनी १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मांडले. ६८ देशांतले ५०३ फोटो! १९५६ साली ते मुंबईलाही आले. १९९४ पासून लक्झेम्बर्गमधल्या क्लेर्व्हो इथल्या किल्ल्यात ते कायमचे आहे. त्यातला यूजीन स्मिथ यांचा एक फोटो घ्या. दोन लहान मुले झाडांच्या काळोखातून उजेडाकडे चालली आहेत, पाठमोरी. चेहरे नाहीतच! आपण मात्र ‘इकडे बघ, हस’ म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही. शिकणाऱ्याने इथे थांबून विचारावे, की काढणारा कुठे उभा होता? मुलांच्या मागे, काळोखात. चार पावले पुढे गेला असता तर झाडांची काळी कमान चौकटीबाहेर राहिली असती, आणि त्या उजेडाची किंमतच कळली नसती.

दुसरी गोष्ट शेजाराची. सिसिली, जपान, अमेरिका आणि आजचे बोट्सवाना, इथल्या कुटुंबांचे फोटो स्टायकन यांनी एकत्र लावले. एकेकटा पाहिला तर तो परक्यांचा फोटो. एकत्र पाहताना आपलेही घर आठवते.

गुरुजी, शाळेच्या फळ्यावर मुलांनी काढलेले दोन फोटो शेजारी लावा, मग एक बदलून बघा. वर्गात वाद सुरू होईल, होऊ द्या.