पंचगंगेकाठची जुनी पेठ

कोल्हापुरास येणारा यात्रेकरू अंबाबाईचे दर्शन घेतो, न्यू पॅलेस पाहतो आणि संध्याकाळी रंकाळ्यावर विसावून परततो. पंचगंगेच्या घाटाशेजारच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडाकडे त्याची पावले क्वचितच वळतात. या नगराची कुळकथा मात्र तेथूनच सुरू होते.

१९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन विटांची घरे आणि नाणी उजेडात आली. त्याआधी याच टेकाडात कांस्यवस्तूंचा एक साठा सापडला होता. त्यात हातात मावेल एवढी एक मूर्ती होती, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची, रोमन घडणीची! समुद्र तर सह्याद्रीपलीकडे. पंचगंगेत काही गलबते शिरत नव्हती. कोकणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून या नदीकाठच्या पेठेत येत असला पाहिजे.

पेठेचे हे वैभव पुढेही टिकले. शिलाहार राजा गंडरादित्याच्या काळी त्याचा जैन सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी उभारली. ‘रूपनारायण’ हे राजाचेच बिरुद. शके १०५८ च्या कन्नड शिलालेखात तर व्यापाऱ्यांचे औदार्यच कोरलेले आहे. अय्यावोळेच्या व्यापारी संघाने पार्श्वनाथ जिनालयासाठी आपल्या मालावरील उत्पन्नाचा वाटा लावून दिला. मंदिराच्या शिल्पाची स्तुती सारेच करतात. बाजारात त्यासाठी बाजूला काढलेल्या त्या वाट्याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही.

ब्रह्मपुरीवर आता घरे झाली आहेत. तेथील वस्तू पाहण्यासाठी टाउन हॉल संग्रहालयात जावे लागते. १८७० च्या दशकातील ही इमारत चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची. काळा दगड, टोकदार कमानी आणि उंच उतरती छपरे यांमुळे ती बागेत मोठी डौलदार दिसते. न्यू पॅलेसही याच मँट यांचा. तुलनेने टाउन हॉल लहान, पण अधिक रेखीव.

शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठात दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांना ब्रह्मपुरी आणि घाट चालत गाठता येतात. संग्रहालयासाठी मात्र सोमवार टाळावा.