जुन्या ट्रकला मागील डिस्क ब्रेक : दोष कोठे शोधावा?

बडोद्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ वर जुने हलके ट्रक आजही माल वाहताना दिसतात. अशा ट्रकचे मागील ड्रम काढून डिस्क ब्रेक बसविल्यावर कधी चाके तापू लागतात. तेव्हा नव्या कॅलिपरला दोष दिला जातो. दोष पुष्कळदा जुन्या मास्टर सिलिंडरात असतो. ड्रमसाठी बनविलेल्या अनेक सिलिंडरांत तेलाचा सुमारे ०.७ किलो प्रति चौ. सें.मी. दाब कायम राखणारी झडप असते. ड्रममधील स्प्रिंगा त्या दाबास न जुमानता लायनर मागे ओढतात. डिस्कला अशा स्प्रिंगा नसल्याने पॅड चकतीस घासतच राहतात. ही झडप प्रथम तपासावी.

पेडल मऊ लागल्यास हवा काढण्याचा निपल कॅलिपरच्या वरच्या टोकास आहे ना, हे पाहावे. डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल झाल्यास तो खाली येतो व हवा आतच अडकते. रिकामा ट्रक मागून घसरत असल्यास मागील दाब कमी करणे अवश्य आहे. हातब्रेक उतारावर धरतो की नाही, याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदलास मनाई करते. म्हणून ड्रम उतरविण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारणा करावी.