कुसळ आणि मुसळ

एकाच चर्चमध्ये, एकाच प्रार्थनेला आलेली माणसं एकमेकांपासून अंतर राखून बसत. हे अंतर म्हणजे पाप की नुसता रिवाज? कावेरीच्या काठी, तंजावर मुलखातल्या ख्रिस्ती मंडळींमध्ये दोनशे वर्षांपूर्वी पेटलेला हा वाद अजूनही पुरता विझलेला नाही.

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला व्यंकोजीराजांचं राज्य आठवतं, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं, बृहदीश्वराच्या देवळातला भोसल्यांचा मराठी शिलालेख आठवतो. पण याच गावात, शिवगंगा तळ्याजवळ, एक जुनं चर्च उभं आहे. त्यात एक संगमरवरी शिल्प आहे. अंथरुणावर अखेरच्या घटका मोजणारा एक वृद्ध पाद्री आणि त्याचा हात हाती धरलेला तरुण राजा. पाद्री म्हणजे जर्मनीहून आलेले ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि राजा म्हणजे दुसरे सरफोजी भोसले. राजांनी हे शिल्प लंडनचे नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून मुद्दाम करवून घेतलं.

श्वार्ट्झ 1750 साली भारतात आले आणि 1798 साली तंजावरातच वारले. मधल्या काळात त्यांनी या मुलखाची युद्धं पाहिली, दुष्काळही पाहिले. 1779 साली इंग्रजांनी हैदरअलीकडे बोलणी करायला पाठवलं ते याच पाद्रीबुवांना. पुढे लढाईत तंजावरचा मुलूख उजाड झाला, तेव्हा धान्य गोळा करून त्यांनी उपाशी माणसं जगवली. तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजींचे ते पालक बनले. सरफोजी शेवटपर्यंत आपल्या धर्मात राहिले, पण श्वार्ट्झना त्यांनी वडिलांचा मान दिला.

अशा थोर माणसाच्या चर्चमध्ये जातिभेद कसा राहिला? या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं मागे, समुद्रकिनाऱ्यावर जावं लागतं.

राजानायक्कनची गोष्ट

तंजावरच्या पूर्वेला, किनाऱ्यावर तरंगमबाडी नावाचं गाव आहे. तिथे डॅनिश लोकांची वखार होती. 1706 साली झिगेनबाल्ग आणि प्लुट्शाउ हे दोन जर्मन पाद्री तिथे उतरले आणि भारतातल्या प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात झाली. पहिल्या पिढीतच वेल्लाळ या वरच्या मानल्या जाणाऱ्या शेतकरी जातीतली माणसंही ख्रिस्ती झाली आणि अस्पृश्य मानले गेलेले परैयरही. देव एक झाला, पण बसण्याच्या जागा वेगळ्याच राहिल्या. प्रभुभोजनाचा मानही आधी वरच्यांचा.

1733 साली आरोन हे पहिले तमिळ धर्मगुरू झाले. ते वेल्लाळ होते. त्याच काळात राजानायक्कन नावाचे एक उपदेशक गावोगाव फिरत होते. पूर्वी ते तंजावरच्या राजाच्या फौजेत शिपाई होते. श्रद्धा, धाडस, कामाची तळमळ, कशातच ते कमी नव्हते. तरी त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली नाही. कारण एकच, ते परैयर होते. त्यांच्या हातून वरच्या जातीचे लोक प्रभुभोजन घेणार नाहीत, असं मिशनऱ्यांचं म्हणणं पडलं.

श्वार्ट्झ यांनीही हा भेद एका दिवसात मोडला नाही. समजुतीने, हळूहळू तो जाईल असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या हयातीत वाद चव्हाट्यावर आला नाही. ठिणगी पडली ती त्यांच्या पश्चात.

कवी विरुद्ध पाद्री

श्वार्ट्झ यांच्या हाताखाली आणखी एक मुलगा वाढला, वेदनायगम शास्त्री. जन्म 1774 सालचा, तिरुनेलवेलीचा, जात वेल्लाळ. पुढे ते तमिळ ख्रिस्ती समाजाचे सर्वांत लाडके कवी झाले. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार घेऊन त्यांनी 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. त्यांची गीतं आजही तमिळ चर्चमधून गायली जातात. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला मराठी अभंगाचा आणि कीर्तनाचा साज चढवला. शास्त्रीबुवांनी तेच काम तमिळमध्ये शंभर वर्षं आधी केलं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या दमाचे मिशनरी आले. त्यांना जुन्यांची सबुरी मान्य नव्हती. 1829 च्या सुमाराला शास्त्रीबुवांनी आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रारी मांडल्या. आमच्या ओळखीच्या बायबलचे शब्द बदलता, सगळ्या जातींना जबरदस्तीने एकत्र आणता, सणासमारंभातली फुलं बंद करता आणि उपासनेतून तमिळ गाणं हद्दपार करता, असे चार मुख्य आक्षेप होते.

यातले तीन आक्षेप आज वाचणाऱ्याला पटकन पटतात. फुलं आणि गाणं यांत कसलं आलंय पाप? परक्या देशातून आलेल्या माणसाने इथल्या चालीरीतींना नाक मुरडावं, यात गोऱ्या कातडीचा तोरा होताच. तुमच्या देशात तरी उमराव आणि नोकर एका पंक्तीला जेवतात का, हा शास्त्रीबुवांच्या बाजूचा सवालही बिनतोड होता.

पण चौथ्या आक्षेपाचं काय? एकत्र बसणं हा जुलूम आहे, असं सांगणाऱ्यांत बहुतेक लिहितेवाचते वेल्लाळ होते. ज्यांना दूर बसवलं जात होतं त्या परैयर कुटुंबांचा आवाज या कागदपत्रांत फारसा ऐकूच येत नाही. वाद त्यांच्याबद्दल चालला होता, त्यांच्याशी नव्हे.

मिशनने शास्त्रीबुवांना कामावरून दूर केलं. त्यांना आश्रय दिला तो सरफोजीराजांनी. एका शिवभक्त मराठा राजाच्या दरबारात एक ख्रिस्ती कवी मानाने राहिला, हा या कथेतला सुखद भाग.

बिशपचा हुकूम

1826 च्या ईस्टरला कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. जातीच्या प्रश्नावर घाई नको, आधी नीट चौकशी करा, असं त्यांचं मत होतं. पण त्यानंतर काही दिवसांतच तिरुचिरापल्लीत त्यांचा मृत्यू झाला. पुढे बिशप झालेले डॅनियल विल्सन वेगळ्या घडणीचे होते. जुलै 1833 मध्ये त्यांनी पत्रक काढलं. जातिभेद सोडायचा, तोही ताबडतोब आणि कायमचा. बसणं एकत्र, प्रभुभोजन एकत्र.

हे पत्रक वाचून दाखवताच मद्रासपासून तंजावरपर्यंत चर्च ओस पडू लागली. वरच्या जातीचे अनेक उपदेशक आणि शिक्षक काम सोडून गेले. 1835 च्या सुरुवातीला बिशप स्वतः दक्षिणेत आले, समजावलं, बजावलं. काही परतले, बरेच परतले नाहीत. पुढच्या दशकात लाइपझिगहून आलेल्या लुथरन मिशनने जातीच्या बाबतीत सौम्य धोरण ठेवलं, तेव्हा दुखावलेली कितीतरी वेल्लाळ घराणी त्या मिशनकडे वळली. उलट 1850 साली मद्रासच्या इतर मिशनऱ्यांनी जातीविरुद्ध एकत्र भूमिका जाहीर केली. जातीच्या रेषेवर चर्चच दुभंगलं.

रेषा शेतातही होती

हा प्रश्न नुसत्या बसण्याच्या जागेचा असता तर एव्हाना संपला असता. पण कावेरीच्या खोऱ्यात जात म्हणजे जमीन. भातशेती एकाची आणि चिखलात लावणी करणारे हात दुसऱ्याचे. ही रेषा हिंदूंमध्ये होती तशीच ख्रिस्ती वस्त्यांतही होती.

ती किती क्रूर होऊ शकते हे 25 डिसेंबर 1968 च्या रात्री दिसलं. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या किळवेणमणी गावात दलित शेतमजुरांनी कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली मजुरीत वाढ मागितली होती. जमीनदारांच्या माणसांनी वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेली माणसं आत असतानाच झोपडी पेटवण्यात आली. 44 जण जळून मेले. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. खालच्या कोर्टाने शिक्षा दिलेले जमीनदार पुढे हायकोर्टात सुटले. मेलेले ख्रिस्ती नव्हते, पण ती रात्र नाताळची होती. 'पृथ्वीवर शांती' असा संदेश देणाऱ्या चर्चला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

मराठी आवाज

या वादात दोन मराठी माणसांनी मोलाची भर घातली. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दक्षिणेतल्या चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातीवर नेमकं बोट ठेवलं. दुसरे अरविंद निर्मळ. महाराष्ट्रातल्या दलित ख्रिस्ती समाजातून आलेल्या या धर्मपंडिताने 1980 च्या दशकात बंगलोर आणि मद्रासच्या ख्रिस्ती विद्यापीठांतून 'दलित ईश्वरविद्या' मांडली. दलितांबद्दल इतरांनी बोलणं पुरे, आता दलितांनी स्वतःच बोलावं, हा तिचा गाभा. राजानायक्कनला जे बोलता आलं नाही ते जणू अडीचशे वर्षांनी बोललं गेलं.

कायद्याचा पेच मात्र वेगळाच. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. या प्रश्नाचा विचार करायला 2022 साली केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. विरोधक विचारतात, तुमच्या धर्मात जातच नाही ना, मग सवलत कशाला? यावर दलित ख्रिस्ती तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीतल्या भिंतीकडे बोट दाखवतात. ती मेलेल्यांनाही जातीप्रमाणे वेगळं ठेवण्यासाठी बांधलेली.

2003 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तमिळनाडूच्या बिशपांना जातिभेद संपवायला सांगितलं. 2016 साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी धोरणपत्रक काढून चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याची कबुली दिली. तरी फेब्रुवारी 2025 मध्ये कुंभकोणम धर्मप्रांतातल्या कोट्टपाळयम इथल्या दलित कॅथलिकांची भेदभावाची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली आणि न्यायालयाने नोटिसा काढल्या.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही हाच दाखला आहे. तंजावरच्या वादात मिशनऱ्यांना वेल्लाळांची जात दिसली, स्वतःचा गोरा तोरा दिसला नाही. वेल्लाळांना तो तोरा अचूक दिसला, पण शेजारी खाली बसलेला माणूस दिसला नाही. दोघांचेही आरोप खरे होते, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकले. दुसऱ्याचा दोष खरा असला म्हणजे आपला माफ होतो, असं मात्र कुठल्याच धर्मग्रंथात लिहिलेलं नाही.