चक्कर, नाडी आणि पेसमेकर

‘आजी परवा न्हाणीघरात पडल्या. काही नाही, जरा चक्कर आली.’ असं कुणी सांगितलं की कारणही लगेच जोडलं जातं: एकादशीचा उपास, ऊन, पित्त, शुगर आणि यातलं काहीच नसेल तर वय. कपाळाला टाके पडतात, मनगटाला प्लास्टर बसतं; पण मुळात त्या पडल्या का, हे विचारायचं राहून जातं. त्या काही सेकंदांत हृदयाचा ठोकाच थांबला होता, ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही. ती यायला हवी, कारण वेळेवर ओळखलं तर याच्याइतका खात्रीचा इलाज हृदयाच्या फार थोड्या दुखण्यांवर आहे.

हृदय विजेच्या संदेशांवर चालतं. उजव्या वरच्या कप्प्यातला एसए नोड हा पेशींचा पुंजका आरामात असताना साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० संदेश सोडतो. ते एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळून खालच्या कप्प्यांत उतरतात. वरच्या आणि खालच्या मजल्यांमधला हा एकमेव जिना. एसए नोडच थकला तर संदेश कमी निघतात. जिन्यात अडथळा आला तर निघालेले संदेश खाली पोचत नाहीत. या दुसऱ्या प्रकाराला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिन्यांतल्या ‘ब्लॉकेज’शी त्याची नेहमी गल्लत होते. अहवालात हार्ट ब्लॉक वाचून ‘आता स्टेंट टाकावा लागणार’ म्हणून घाबरलेली कुटुंबं कमी नाहीत. ते दुखणं नळ्यांचं, हे वायरिंगचं.

ईसीजीच्या गुलाबी कागदावर हे उघड दिसतं. कागदावरचा छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, असे पाच मिळून एक मोठा. छोटा उंचवटा, म्हणजे पी, ही वरच्या कप्प्यांची खूण. उंच सुळका, म्हणजे क्यूआरएस, ही खालच्यांची. दोघांच्या सुरुवातींमधलं अंतर मोठ्या चौकोनाहून जास्त, पण प्रत्येक संदेश पोचतोय, तर तो फर्स्ट डिग्री ब्लॉक. बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. सेकंड डिग्रीत काही ठोके गळतात. त्यातल्या एका प्रकारात हे अंतर ठोक्यागणिक वाढत जातं आणि मग एक ठोका गळतो. व्यवहारात वापरता येईल असं ईसीजी यंत्र येण्यापूर्वीच, १८९९ मध्ये, वेंकेबाख या डच डॉक्टरांनी केवळ नाडीच्या आलेखावरून तो ओळखला होता, याचं मला आजही नवल वाटतं. तोही सहसा फार घातक नसतो. सेकंड डिग्रीतला दुसरा प्रकार, मोबिट्झ टू, मात्र वेगळा: अंतर तेवढंच राहतं आणि ठोका एकाएकी गळतो. बिघाड बहुधा एव्ही नोडच्या खाली असतो आणि पूर्ण ब्लॉक केव्हाही होऊ शकतो. पूर्ण ब्लॉकमध्ये पी आपल्या चालीने जातात, क्यूआरएस आपल्या. खालचे कप्पे स्वतःच्या बळावर मिनिटाला कसेबसे ३०-४० ठोके देतात.

नाडी ६० च्या खाली गेली म्हणजे आजारच, असं मात्र नाही. रोज धावणाऱ्या तरुणाची नाडी ५० असू शकते, गाढ झोपेत ती आणखी उतरते. त्रास आहे का, हा खरा प्रश्न. जिना चढताना नव्याने दम लागणं, सतत गळून जाणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं आणि कसलीही पूर्वसूचना न देता शुद्ध हरपणं या खुणा आहेत. ठोका थांबल्यावर हातपाय झटकलेही जातात, म्हणून त्याला फिट समजलं जातं आणि फिटच्या गोळ्या सुरू होतात. ठोका थांबतो तेव्हा माणूस पांढराफटक पडतो आणि सहसा काही सेकंदांतच शुद्धीवर येऊन नीट बोलू लागतो. फिटनंतर बराच वेळ भांबावलेपण राहतं. पाहणाऱ्याने ही हकिगत डॉक्टरांना सांगितली तर अर्धं निदान तिथेच होतं.

घरच्या बीपी मशीनवर तिसरा आकडा नाडीचा असतो. वरचे दोन वाचून आपण पट्टा सोडतो. नाडीचा आकडाही लिहून ठेवा. शंका आली तर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजा. ब्लॉक ये-जा करतो, त्यामुळे एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. २४ तास ईसीजी टिपणारा होल्टर किंवा त्याहून दीर्घ नोंद लागू शकते. जुन्या ईसीजीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तो कागद काही वर्षांत फिका पडतो.

यावरचा इलाज म्हणजे पेसमेकर, हृदयाला विजेचे संदेश देणारं यंत्र; पण तो बसवण्याआधी दुरुस्त होणारी कारणं शोधतात. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नाडी मंदावतात. (म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, तेही धोक्याचं.) थायरॉइड कमी पडणं, मूत्रपिंडाच्या रुग्णात पोटॅशियम वाढणं, हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका ही आणखी कारणं. अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांत डिगॉक्सिनसारखं विष असतं. पोराने त्या चघळल्या असं नुसतं वाटलं तरी थेट रुग्णालय गाठावं.

माणूस कोसळला तर आडवा झोपवा. कांदा, चप्पल, तोंडात पाणी यातलं काहीही नको. श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन लावा आणि छातीवर दाब देणं सुरू करा. रुग्णालयात अॅट्रोपिन देतात, लागल्यास तात्पुरता पेसमेकर लावतात.

कायमचा पेसमेकर शरीरात बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये झाली. रुग्ण आर्ने लार्सन, शल्यविशारद ओके सेनिंग, यंत्र रूने एल्मक्विस्ट यांचं. ते यंत्र काही तासच चाललं. लार्सन पुढे नवनवी यंत्रं बसवून घेत जगले आणि २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी वारले. आज हे काम सहसा भूल न देता, गळपट्टीच्या हाडाखालची जागा बधिर करून, तासाभरात होतं. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं पुरते.

नंतर घरात मिक्सर, टीव्ही, गॅसचा लायटर बिनधास्त वापरावेत. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहावं, मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नये. देवळातल्या किंवा विमानतळावरच्या मेटल डिटेक्टरमधून न रेंगाळता जावं आणि पेसमेकरचं कार्ड दाखवावं. एमआरआयआधी यंत्राचं मॉडेल सांगावं. आणखी एक गोष्ट घरात सहसा कुणी बोलत नाही, पण बोलायला हवी. दहनाच्या वेळी बॅटरीचा स्फोट होऊ शकतो, म्हणून त्याआधी पेसमेकर काढावा लागतो. छोटा छेद देऊन डॉक्टर तो काही मिनिटांत काढतात. त्या धांदलीत हे ठाऊक असणारं घरात एक तरी माणूस असावं.