बुबुळ बदललं, पण नीट दिसत नाही? लेसरची घाई करू नका

ऊस तोडताना पात लागलं, नाहीतर मळणीत कुसळ गेलं. जखम चिघळली, डोळ्यात फूल पडलं. पुढे नेत्रदानातून बुबुळ मिळालं आणि ऑपरेशन झालं. उजेड दिसू लागला, घरच्यांना आनंद झाला. पण सहा महिने झाले तरी एसटीची पाटी वाचता येत नाही, समोरचा माणूस दोन-दोन दिसतो. मग घरात बोलणं सुरू होतं, "ऑपरेशन फेल गेलं वाटतं." त्यातच कुणीतरी मोबाईलवर जाहिरात दाखवतं : लेसर करा, चष्मा घालवा.

इथेच थांबा. बहुतेक वेळा ऑपरेशन फेल गेलेलं नसतं. आणि लेसर हा उपाय असला, तरी तो पहिला उपाय नाही.

नीट का दिसत नाही?

आपण बोलताना बुबुळ म्हणतो, ते बदललं म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा बदलला. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. घड्याळावर काच असते तसा हा पडदा. नवा पडदा केसापेक्षाही बारीक नायलॉनच्या धाग्याने शिवतात. पूर्ण जाडीचा पडदा बदलला असेल, तर गोलाकार बरेच टाके असतात, अनेकदा १६.

आता पखवाजाचं बघा. वादी एका बाजूला जास्त ताणली की सूर बिघडतो. तसंच टाक्यांचा ताण आणि जखम भरण्याची पद्धत सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे पडदा स्वच्छ असूनही त्याचा गोलावा वाकडा होतो. यालाच सिलिंडर नंबर म्हणतात. बुबुळ बदलल्यावर ४-५ सिलिंडर नंबर राहणं ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे काच स्वच्छ बसली, पण ती थोडी वाकडी आहे.

आधी काय करायचं?

पहिली पायरी टाक्यांची. मशीनवर बुबुळाचा नकाशा काढतात आणि जिथे ताण जास्त, तो टाका डॉक्टर योग्य वेळी काढतात. तेवढ्यानेही नंबर बराच बदलू शकतो. सगळे टाके निघायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. सैल झालेला टाका टोचतो, पाणी येतं. तो हाताने ओढू नका, लगेच दाखवा.

दुसरी पायरी चष्म्याची. दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असेल तर चष्म्याने गरगरतं, दोन दिसतं. अशा वेळी कडक कॉन्टॅक्ट लेन्स चांगली चालते, कारण ती वाकड्या पडद्यावर स्वतःचा गुळगुळीत गोलावा देते. पण ती रोज घालणं-काढणं आलं, हात स्वच्छ हवेत. धुळीत, गोठ्यात काम करणाऱ्याला ते जमेलच असं नाही.

मग लेसर कधी?

चष्मा चालला नाही, लेन्स सोसली नाही, तेव्हा लेसरचा विचार होतो. ऑपरेशनला किमान एक वर्ष झालेलं असावं. सगळे टाके काढून काही महिने गेलेले असावेत. महिना-दोन महिन्यांच्या अंतराने तपासलेला नंबर तोच यायला हवा. शिवाय बुबुळाची जाडी पुरेशी हवी, आतल्या थरातल्या पेशी चांगल्या हव्यात.

लेसरच्या दोन मुख्य पद्धती. लॅसिकमध्ये बुबुळाचा वरचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेसर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. पीआरके पद्धतीत पापुद्रा न करता वरची नाजूक साल काढून लेसर मारतात. यात नंतर काही दिवस दुखतं आणि बुबुळावर धूसरपणा येण्याची भीती असते, म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध वापरतात. कुठली पद्धत, हे तपासणीवर ठरतं.

साध्या चष्म्याच्या लेसरपेक्षा इथे अंदाज कमी बरोबर येतो. नंबर शून्य होईल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हा. नंबर कमी होऊन चष्मा सोसता आला, हेही मोठं यश आहे. काही जणांना पुन्हा लेसर लागतो. आणि बदललेलं बुबुळच पांढरं पडलं असेल, तर नंबरच्या लेसरने ते स्वच्छ होत नाही. सोबत मोतीबिंदू असेल तर त्याच ऑपरेशनमध्ये सिलिंडर नंबरची लेन्स बसवता येते का, हेही विचारा.

सगळ्यात मोठा धोका

शरीर दुसऱ्याचं बुबुळ कधीही नाकारू शकतं, अगदी काही वर्षांनीसुद्धा. लेसरनंतरही हा धोका असतो. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, दुखू लागला किंवा नजर अचानक कमी झाली, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वेळेत औषध मिळालं तर बुबुळ वाचू शकतं. थेंब मनाने बंद करू नका आणि मेडिकलवरून मनाने आणूही नका.

शिवलेली जागा पहिल्यासारखी मजबूत कधीच होत नाही. लाकूड फोडताना, बैलाला दावं लावताना, गाडीवर जाताना संरक्षक चष्मा घाला. शिंगाचा एक फटका जखम उघडू शकतो.

लेसरला हो म्हणण्याआधी हे विचारा

- माझं बुबुळ स्वच्छ आहे का? आतल्या पेशी मोजल्या का?
- नंबर थांबला आहे का?
- लेसरनंतर किती नंबर राहील?
- बुबुळ नाकारलं जाऊ नये म्हणून थेंब कोणते, किती दिवस?
- खर्च किती? सरकारी योजनेत बसतं का? (हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रालाही विचारा.)

ज्यांनी बुबुळ बदललं त्याच डॉक्टरांना आधी दाखवा. ऑपरेशनचे जुने कागद फेकू नका, पिशवीत नीट ठेवा. कुणाच्या तरी घरच्यांनी दुःखाच्या वेळी हे बुबुळ दिलंय. वर्षभर थांबावं लागलं तरी चालेल, पण घाईत ते गमावू नका.