गारपीट आणि घराचें छप्पर

गारा थांबल्या कीं अंगणांतील खापऱ्या पाहून नुकसानीचा अंदाज बांधण्याची आपली रीत आहे. ती अपुरी होय. फुटून खालीं पडलेलें कौल आपली जागा स्वतःच दाखवितें. खरा घात करतें तें तडकून जागींच राहिलेलें. मराठवाडा-विदर्भांतील २०१४ ची मोठी गारपीट फेब्रुवारीअखेर व मार्चांत झाली. तेथून मृगापर्यंतचे दिवस बहुधा कोरडे. तेवढा काळ भेग गुप्त राहते आणि पहिल्याच मोठ्या सरींत माळ्यावरील धान्य किंवा पोथ्या भिजतात.

गारेचा व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होतें. पडण्याचा वेगही वाढत असल्यामुळें आघात सुमारे सोळापट होतो. म्हणून वादळ शमतांच मोठ्यांत मोठी गार पट्टीशेजारीं ठेवून तिचें छायाचित्र घ्यावें. हा पुरावा वितळणारा आहे.

मग प्रत्येक पाखें निराळें तपासावें. वाऱ्याकडील पाख्यास मार अधिक बसतो. प्रत्येकावर दहा फूट लांबरुंद जागा कल्पून तींतील फुटकीं कौलें मोजावीं. एका पाख्याचा हिशेब दुसऱ्यास लावूं नये.

नैयायिकांचीं दोन प्रमाणें येथें उपयोगी पडतात. पहिलें प्रत्यक्ष. भर दुपारीं खिडक्या लावून माळ्यावर उभें राहावें. उजेडाची रेघ दिसेल तेथें कौल फुटलें किंवा सरकलें आहे. दुसरें अनुमान. मडकें घेतांना वाजवितों तसें संशयित कौल काढवून वाजवावें. नाद खणखणीत तर तें शाबूत, बद्द तर तडकलेलें. ताजी फूट स्वच्छ तांबडी असते, जुनीवर काजळी व शेवाळ असतें. जुनी फूट गारांच्या नांवावर पंचनाम्यांत घालूं नये. तेणेंकरून खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास उडतो.

लोखंडी पत्र्यावरील पोचा म्हणजे भोंक नव्हे. खिळ्यांभोवतीं व सांध्यांशीं पत्रा फाटला आहे काय, तें पाहावें. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे ठोकूं अथवा कापूं नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असते. कौलांवर वा अशा पत्र्यांवर घरच्या कोणीं चढूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें.

शेवटीं पाख्यावार कौलांचा आंकडा वहींत मांडून घरांतील सर्वांपुढें ठेवावा. पन्नास कौलांनीं भागत असतां सारें छप्पर उतरविण्याचा खर्च त्यानें टळतो. आणि उतरविणें खरोखरच प्राप्त झालें, तर त्या खर्चाबद्दल भावाभावांत किंतु राहत नाहीं.